कोळशावर चालणारं रेडिओ स्टेशन

होस्टेलमध्ये आंघोळीचं पाणी तापवायला लपूनछपून जी कॉइल वापरतात (रेक्टर मॅडम, मी फक्त ऐकलंय हं!) ती साधारण १००० वॅटची असते. आता मी ज्या चिनी रेडिओ स्टेशनची गोष्ट सांगणार आहे, त्याच्या ट्रान्समीटरची ताकद होती सुमारे ३०० वॅट. म्हणजे आपल्या बादलीला लागते त्याच्या एक तृतीयांशसुद्धा नाही.

सुरुवात झाली एका व्हायव्हापासून. कम्युनिकेशनच्या व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "ट्रान्झिस्टरच्या आधी काय वापरायचे?" म्हटलं, "व्हॉल्व्ह, सर." "आणि व्हॉल्व्ह जळला, दुसरा मिळतच नसेल, तर?" मी म्हटलं, "मग स्टेशन बंद, सर." सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी मार्क कापले. पण माझं उत्तर अगदीच चूक नव्हतं, हे नंतर या स्टेशनबद्दल वाचताना कळलं. असो.

काळ १९४० चा. १९३७ पासून जपानने चीनचा मोठा पूर्वेकडचा भाग गिळला होता. चँग कै शेकचं सरकार चुंगकिंगला हललं होतं आणि माओचे कम्युनिस्ट उत्तरेला येनान या डोंगराळ भागात, पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहांमध्ये राहत होते. येनान हे नाव मराठी माणसाने ऐकलेलं असतं ते आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोचले होते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते युद्ध आघाडीकडे गेले, त्यामुळे येनानमध्ये रेडिओ सुरू झाला तेव्हा ते तिथे नव्हते. शांतारामबापूंच्या सिनेमात हे स्टेशन शोधू नका!

या लोकांचं आणि रेडिओचं नातं त्याच्याही आधीचं, आणि मजेशीर आहे. ३० डिसेंबर १९३० ला लुंगकांगच्या लढाईत लाल सेनेच्या हाती शत्रूचा वायरलेस सेट लागला. सैनिक बिचारे खेड्यातले. असलं यंत्र बघितलंय कोणी? त्यांनी शत्रूची वस्तू म्हणून ट्रान्समीटर फोडून टाकला! उरला फक्त रिसीव्हर. चिनी इतिहासात याला 'अर्धा रेडिओ' म्हणतात. ऐकता येतं, बोलता येत नाही. (पहिल्या सेमिस्टरला आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांची मराठी कट्ट्यावर हीच अवस्था असते.) पण त्याच मोहिमेत शत्रूचे काही वायरलेस ऑपरेटरही पकडले गेले. त्यातला एक, वांग च्यंग, लाल सेनेकडेच राहिला, आणि पुढे येनानमध्ये सगळं रेडिओचं खातं त्याच्याकडे आलं.

बोलायचं यंत्र मिळालं ते दहा वर्षांनी, आणि तेही एका अपघातामुळे. १९३९ मध्ये चाऊ एन लाय घोड्यावरून पडले, उजवा हात मोडला, आणि उपचारासाठी मॉस्कोला गेले. १९४० च्या वसंतात परत येताना त्यांनी एक ट्रान्समीटर आणला. पूर्ण खोललेला, सुट्या भागांत, हजारो किलोमीटरच्या रस्त्याने. ज्यांनी सुट्टीनंतर होस्टेलला येताना एसटीतून पीसीचा मॉनिटर मांडीवर आणलाय, त्यांना यातली काळजी कळेल.

स्टेशनसाठी जागा निवडली वांगफीवान नावाचं खेडं, येनानपासून सुमारे वीस किलोमीटर. विमानहल्ल्यात टिकावं म्हणून ट्रान्समीटर डोंगर फोडून केलेल्या गुहेत ठेवला. स्टीलचा टॉवर कुठून आणणार? लाकडाचे लांब वासे एकाला एक बांधून अँटेनाचे खांब केले. स्टुडिओ म्हणजेही गुहाच. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर लोकरी घोंगड्या टांगल्या. आपण ज्याला अकूस्टिक ट्रीटमेंट म्हणून चार पानं उत्तर लिहितो, ते हेच!

आता खरा प्रश्न विजेचा. गावात वीज नाही. मोटारीचं जुनं इंजिन जनरेटरला जोडता येतं, पण पेट्रोल कुठाय? एकीकडे जपानी, दुसरीकडे चँगच्या सैन्याची नाकेबंदी. तेव्हा त्यांनी इंजिन कोळशाच्या गॅसवर चालवलं. मेकॅनिकलवाल्यांना हे माहीत असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बंद भट्टीत लोणारी कोळसा पेटवायचा, पण हवा मुद्दाम कमी सोडायची. कोळसा पूर्ण जळत नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडऐवजी बराचसा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ओलाव्यामुळे थोडा हायड्रोजनही. हा गॅस गाळून, थंड करून इंजिनात सोडला की तो जळतो. पण त्यात निम्म्याहून जास्त तर हवेतला नायट्रोजनच असतो, त्यामुळे इंजिनाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. शिवाय तो गॅस विषारी. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडेही बसच्या मागे असा कोळशाचा बंब लावून गाड्या चालत. घरी कोणी नव्वदीचे आजोबा असतील तर विचारून बघा.

बस चढावर दमली तर लोक उतरून धक्का मारतील. रेडिओला धक्का कोण मारणार? भट्टी जराशी मंदावली की जनरेटरचा वेग कमी, वेग कमी की व्होल्टेज खाली. आणि व्हॉल्व्हच्या फिलामेंटला असं व्होल्टेजचं वरखाली होणं अजिबात मानवत नाही. तरी ३० डिसेंबर १९४० ला, लुंगकांगच्या लढाईला बरोबर दहा वर्षं झाली त्याच तारखेला, 'येनान शिनह्वा' स्टेशन बोललं. खूण होती एक्स एन सी आर. एक्स हे चीनचं अक्षर, पुढचं 'न्यू चायना रेडिओ'. ३०० वॅट काय पोचणार, असं वाटेल. पण शॉर्टवेव्ह आयनोस्फिअरवरून परतते, त्यामुळे नशीब चांगलं असेल तर शेकडो मैलांवर ऐकू येतं, आणि नसेल तर शेजारच्या गावातसुद्धा नाही.

बातम्यांचे कागद येनानहून निरोप्या घेऊन यायचा. गाणी लावायला माओने स्वतःचा हाताने चावी द्यायचा ग्रामोफोन आणि वीसेक रेकॉर्ड्स दिल्या. ३ डिसेंबर १९४१ पासून जपानी भाषेतही प्रक्षेपण सुरू झालं. निवेदिका होती हारा कियोशी, स्वतः जपानी! आपल्याच देशाच्या सैनिकांना शत्रूच्या गुहेतून 'हे युद्ध चूक आहे' असं सांगायचं... मला तरी हे यंत्र चालवण्यापेक्षा अवघड वाटतं.

आणि मग १९४३ च्या वसंतात व्हॉल्व्ह गेले. नवे आणायला रस्ता नव्हता. स्टेशन बंद. (सर, माझे मार्क!) दोन वर्षांहून जास्त काळ एक्स एन सी आर गप्प होतं. जपान हरल्यावर, १९४५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते परत सुरू झालं.

पण ऐकत कोण होतं? येनानच्या शेतकऱ्याकडे रेडिओ नव्हता. रेडिओ होते शहरात, म्हणजे चँगच्या राज्यात. म्हणजे श्रोता समोरच्या पक्षातला, आणि तो दार लावून, आवाज बारीक करून ऐकणार. जून १९४६ मध्ये ल्यू षानपन हा चँगच्या वायुदलाचा वैमानिक बी-२४ बॉम्बर विमान घेऊन सरळ येनानला उतरला, आणि नंतर त्याच रेडिओवरून बोलला. ३०० वॅटवाल्यांकडे चार इंजिनांचं विमान चालत, नव्हे उडत आलं!

मार्च १९४७ मध्ये चँगच्या सैन्याने येनानच घेतलं. त्याआधीच स्टेशन हललं होतं, आधी एका छोट्या देवळात, मग महिनाअखेरीस शेकडो किलोमीटर दूर तैहांग डोंगरातल्या शाहे गावी. नाव मात्र घेतलं 'षान्सी-उत्तर शिनह्वा', जणू अजून माओच्या शेजारीच बसलोय! आवाज बदललाय हे कळू नये म्हणून नवे निवेदक जुन्यांची ढब गिरवत होते. हुशारी म्हणून दाद द्यावीशी वाटते, पण बातमी सांगणाऱ्याने स्वतःचा पत्ता खोटा सांगितला, हेही खरंच. युद्धात चालतं म्हणे.

पुढचा भाग वाचताना मात्र माझा उत्साह जरा कमी झाला. मार्च १९४९ मध्ये स्टेशन पेकिंगला आलं आणि ५ डिसेंबर १९४९ ला ते सेंट्रल पीपल्स ब्रॉडकास्टिंग स्टेशन झालं. १९५३ पर्यंत देशातली सगळी खासगी रेडिओ स्टेशनं सरकारजमा झाली. गावोगावी तारेने जोडलेले भोंगे लागले. भोंग्याला स्टेशन बदलायचं बटण नसतं. जे स्टेशन लोकांनी चोरून, जीव मुठीत धरून निवडून ऐकलं, त्याच्याच हातात सत्ता आल्यावर निवडायची सोय उरली नाही. कोळशाची भट्टी सांभाळणाऱ्या त्या ऑपरेटर लोकांना याचं काय वाटलं असेल, असं राहून राहून मनात येतं.

आता त्या स्टेशनला चायना नॅशनल रेडिओ म्हणतात आणि २०१८ पासून ते चायना मीडिया ग्रुपचा भाग आहे. जाता जाता एक गंमत. कित्येक वर्षं वाढदिवस ५ सप्टेंबरला धरत, १९४५ च्या दुसऱ्या सुरुवातीचा. आपल्या आजोबांची कशी शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून असते, तसंच! १९८० मध्ये सरकारी पत्र निघालं आणि ३० डिसेंबर १९४० ही तारीख कागदावर आली.