गाठ दिसते एक, रोग मात्र अनेक

स्तनातील गाठ कर्करोगाची निघाली, की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कितवी स्टेज?' प्रश्न रास्तच आहे. गाठ केवढी, काखेपर्यंत पोहोचली का, हे त्यातून कळते. पण 'हा कर्करोग कोणत्या प्रकारचा?' हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. वास्तविक औषधांची निवड बरीचशी त्याच्याच उत्तरावर ठरते.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहून प्रकार ठरविण्याची पद्धत जुनी आहे. ती आजही आवश्यक आहे. परंतु दिसायला सारख्या असणाऱ्या गाठी वागतात मात्र निरनिराळ्या. ग्लासगोचे शल्यविशारद जॉर्ज बीटसन यांनी १८९६ मध्ये एक अनुभव प्रसिद्ध केला. अंडाशय काढून टाकल्यावर एका स्त्रीच्या स्तनाचा बळावलेला कर्करोग ओसरला होता. पुढे दिसून आले, की या शस्त्रक्रियेचा गुण काहींनाच येतो. असे का, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकागोच्या एलवुड जेन्सन यांच्या संशोधनाने झाला. काही गाठींच्या पेशींत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पकडून ठेवणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर, असतात, काहींत नसतात.

आज बायॉप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काढतात आणि विशिष्ट रंगप्रक्रियेने तीन गोष्टी तपासतात: इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि 'हर-टू' हे प्रथिन. पहिली दोन असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. हर-टू फार असल्यास रोग आक्रमक असतो. पण १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ट्रॅस्टुझुमॅबने त्याचे चित्र पालटले. हर-टूचा निकाल '२+' आला, तर तो संदिग्ध समजून जनुकांच्या प्रती मोजणारी 'फिश' चाचणी करतात. तिन्ही नसल्यास तो 'ट्रिपल निगेटिव्ह'. पाश्चात्य स्त्रियांपेक्षा भारतीय स्त्रियांत याचे प्रमाण अधिक आढळते. त्यात मुख्य भिस्त केमोथेरपीवर असते. आता काहींना इम्युनोथेरपीचीही जोड मिळते.

संप्रेरकांवर वाढणाऱ्या गाठींतही भेद आहेत. एकवीस जनुकांच्या चाचणीवर आधारलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. काखेत रोग न पोहोचलेल्या, हर-टू नसलेल्या आणि चाचणीचा निकाल मधल्या टप्प्यात आलेल्या स्त्रियांपैकी, विशेषतः पन्नाशी उलटलेल्यांना, केमोथेरपीने जादा लाभ झाला नाही. मात्र ही चाचणी महाग आहे आणि सर्वांना लागतही नाही.

त्या तीन चाचण्या मात्र प्रत्येकीच्या व्हायलाच हव्यात, आणि नीट व्हायला हव्यात. काढलेली गाठ तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये पडली पाहिजे. उशीर झाला, तर असलेले रिसेप्टरही 'नाहीत' असे दिसू शकते, आणि साध्या गोळीने होणारा लाभ हातचा जातो.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे: गाठ तपासणीला कोठे जाणार? तिन्ही चाचण्या होणार ना? रिपोर्टइतकाच मेणाचा ठोकळाही मोलाचा आहे. हर-टू अल्प प्रमाणात असलेल्या, पसरलेल्या रोगासाठी २०२२ पासून नवे औषध उपलब्ध झाले. अशा वेळी जुना ठोकळाच पुन्हा तपासता येतो. रोग उलटला, तर शक्य असेल तेथे नवी बायॉप्सी करावी, कारण प्रकार बदललेला असू शकतो. घरातील कोणी तरी ही फाइल नीट सांभाळावी. रुग्णाची ती मोठी सेवाच होय.