टाचेतील रक्ताचा थेंब

काही रोग जन्मतःच डोळ्यांना दिसतात. काही मात्र बाळाच्या हसऱ्या चेहऱ्याआड दडून बसतात. अशाच एका रोगाचा शोध एका मातेच्या चिकाटीमुळे लागला.

नॉर्वे देशातील त्या मातेला एक मुलगी व एक मुलगा अशी दोन अपत्ये होती. जन्माच्या वेळी दोघेही सुदृढ दिसत होती. परंतु पुढे त्यांच्या बुद्धीची वाढ खुंटली. मुलीला मोजकेच शब्द बोलता येत. मुलाला तर चालताही येत नसे. त्यांच्या अंगाला एक प्रकारचा कुबट वास येई. असे का व्हावे, हे विचारीत ती माता डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत होती. अखेर १९३४ साली ऑस्लो येथील डॉक्टर आस्ब्यर्न फॉलिंग यांनी तिचे म्हणणे मनावर घेतले.

फॉलिंग रसायनशास्त्रही शिकलेले होते. मुलांच्या मूत्रात त्यांनी फेरिक क्लोराइड टाकले, तोच ते गर्द हिरवे झाले. पुष्कळ प्रयोगांअंती त्यांना त्यात एक आम्ल सापडले. ते निरोगी माणसाच्या मूत्रात असे आढळत नाही.

हे आम्ल आले कोठून? दूध, डाळी, मांस यांतील प्रथिनांत फेनिलॲलनिन नावाचा घटक असतो. आपले यकृत त्याचे रूपांतर करते. ज्या बाळात ही शक्ती नसते, त्याच्या रक्तात तो घटक साचतो आणि मेंदूला इजा करतो. या रोगास फेनिलकीटोनूरिया म्हणतात. हा रोग आनुवंशिक आहे. आईबाप स्वतः निरोगी असूनही दोघांकडून त्याचे बीज बाळाकडे आले, तर तो होतो. त्यात अपराध कोणाचाच नसतो.

१९५३ साली हॉर्स्ट बिकेल व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडात दाखवून दिले की, हा घटक अत्यल्प असलेला आहार दिल्यास रोगी मुलाची प्रकृती सुधारते. परंतु मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. म्हणून लक्षणे दिसण्यापूर्वीच रोग ओळखणे अगत्याचे होते.

हे कोडे अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री यांनी सोडविले. नवजात बाळाच्या टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब ते टिपकागदावर वाळवीत. त्या कागदाची चकती, वाढ रोखून धरलेल्या जंतूंच्या थरावर ठेवली जाई. रक्तात फेनिलॲलनिन जास्त असेल, तर चकतीभोवती जंतू वाढू लागत. १९६३ साली ही रीत प्रसिद्ध झाली आणि अनेक देशांनी ती स्वीकारली. आज तशाच वाळलेल्या थेंबांवरून यंत्राच्या साहाय्याने अनेक जन्मजात विकार ओळखता येतात.

ऑस्लोच्या त्या दोन भावंडांना या ज्ञानाचा लाभ झाला नाही. मात्र त्यांच्या मातेच्या प्रश्नातून सुरू झालेल्या शोधामुळे, वेळीच योग्य आहार मिळालेली हा रोग असणारी मुले आज तुमच्याप्रमाणेच शाळेत जातात, खेळतात आणि शिकतात.