संगणक वापरकर्त्यांची ब्रँडनिष्ठा : मुंबई उपनगरांतील मराठी फाँटच्या संदर्भात

प्रस्तावना

एकच ब्रँड पुन्हा पुन्हा निवडणाऱ्या ग्राहकाच्या वर्तनाला विपणनशास्त्रात ‘ब्रँडनिष्ठा’ असे म्हटले जाते. साबण, चहा किंवा दुचाकी यांच्या संदर्भात ही संकल्पना सहज समजते. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत मात्र तिचा अर्थ थोडा गुंतागुंतीचा होतो. ग्राहक संगणक विकत घेतो तेव्हा यंत्र, त्यातील प्रोसेसर, संगणक प्रणाली, अक्षरजुळणीची आज्ञावली आणि कळफलक अशा अनेक गोष्टी एकत्र घरी येतात. त्यांपैकी त्याची निष्ठा नेमकी कशावर बसते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात मुंबईच्या उपनगरांच्या, विशेषतः तेथील मराठी वापरकर्त्यांच्या संदर्भात तपासला आहे. या प्रश्नाशी मराठी विभागांचे जुने प्रबंध आणि महाविद्यालयीन नियतकालिकांचे मागील अंक यांचे भवितव्य निगडित असल्यामुळे तो केवळ वाणिज्य शाखेपुरता मर्यादित राहत नाही.

पाश्चात्त्य चित्र आणि येथील बाजार

संगणक वापरकर्त्यांमधील चुरशीचे अभिजात उदाहरण म्हणून ॲपल मॅकिंटॉश आणि आयबीएम पद्धतीचा ‘पीसी’ यांच्याकडे पाहिले जाते. १९८४ मध्ये मॅकिंटॉश बाजारात आला. तेव्हापासून त्याच्या वापरकर्त्यांनी स्वतःला एका वेगळ्या समूहाचे सदस्य मानले. अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओ’गिन या अभ्यासकांनी २००१ मध्ये ‘ब्रँड समुदाय’ ही संकल्पना मांडताना मॅकिंटॉश वापरणाऱ्यांचाही अभ्यास केला होता. आपला ब्रँड कोणता, याइतकेच आपण कोणत्या ब्रँडच्या विरोधात आहोत, यावरूनही असा समुदाय स्वतःची ओळख ठरवतो, हे त्यांचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. ॲपलने २००६ ते २००९ या काळात दूरचित्रवाणीवर चालवलेली जाहिरातमाला याच विरोधावर उभी होती. तिच्यात एक तरुण ‘मॅक’ आणि एक कोटवाला ‘पीसी’ एकमेकांशेजारी उभे राहून बोलत असत.

मुंबईच्या उपनगरांत ही चुरस त्या रूपात फारशी अवतरली नाही. जाहिरातसंस्था आणि काही मुद्रणपूर्व सेवा देणारी केंद्रे वगळता मॅकिंटॉश सर्वसामान्य मध्यमवर्गीय घरात क्वचितच दिसे. ॲपलचे स्वतःचे पहिले भारतीय दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले तेच मुळी एप्रिल २०२३ मध्ये. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत येथे एचसीएल, विप्रो आणि झेनिथ ही देशी नावे प्रचलित होती. त्यांपैकी १९८० मध्ये सुरू झालेल्या झेनिथ कॉम्प्युटर्सचे मुख्यालय अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीत होते. याच परिसरात १९७३ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ उभे राहिले होते. म्हणजे संगणकाचा उद्योग उपनगराच्या दारात होता. घरात आलेला संगणक मात्र बहुधा या उद्योगाचे नाव न मिरवणारा, ‘असेम्बल्ड’ असे.

असेम्बल्ड संगणकाची व्यवस्था ब्रँडनिष्ठेच्या पाठ्यपुस्तकी व्याख्येत बसत नाही. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरून, सुटे भाग आणायचे, ते ओळखीच्या तंत्रज्ञाने जोडून द्यायचे आणि बिघाड झाल्यास त्यालाच बोलवायचे, असा हा व्यवहार होता. खोक्यावर कोणाचे नाव आहे, यापेक्षा ‘आपला कॉम्प्युटरवाला’ कोण आहे, याला बोरिवली किंवा मुलुंडच्या गृहसंकुलात अधिक महत्त्व होते. ही निष्ठा माणसावर होती आणि ती शेजाऱ्यांच्या शिफारशीने पसरत असे. ब्रँडची जागा या व्यवस्थेत खोक्याच्या आत सरकली. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलने १९९१ मध्ये ‘इंटेल इनसाइड’ ही मोहीम सुरू केली, ती याच सरकण्याचा फायदा घेणारी होती. इंटेल घ्यावा की तुलनेने स्वस्त एएमडी, यावर विद्यार्थ्यांमध्ये होणारे वाद हे मॅक-पीसी वादाचे स्थानिक रूप म्हणता येईल.

संगणक प्रणालीच्या बाबतीत तर निवड केली जाते आहे, ही जाणीवच विरळ होती. विंडोज ही यंत्राबरोबर, अनेकदा परवान्याविना, येणारी गोष्ट होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यभर संगणक साक्षरता पोहोचवली. शासकीय कर्मचाऱ्यांना ती अर्हता आवश्यक झाल्याने त्याचे वर्ग प्रत्येक स्थानकाच्या परिसरात दिसू लागले. त्यांत शिकवली जाणारी साधने मुख्यतः विंडोज आणि ऑफिस हीच होती. (या नावातील ‘एमएस’ म्हणजे ‘महाराष्ट्र स्टेट’, त्याचा अर्थ ‘मायक्रोसॉफ्ट’ असा लावण्याचा मोह होणे मात्र साहजिक होते.)

फाँट : खरी निष्ठा

मराठी अक्षरजुळणीच्या क्षेत्रात चित्र वेगळे दिसते. घाटकोपर, मुलुंड किंवा अंधेरीच्या स्थानकांजवळच्या डीटीपी केंद्रांत संगणक कोणत्या कंपनीचा आहे, हे विचारले जात नसे. ‘श्रीलिपी आहे का?’ हे विचारले जाई. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, पुण्यातीलच प्रगत संगणन विकास केंद्राची म्हणजे सी-डॅकची आयएसएम, आकृती, कृतीदेव आणि विनामूल्य हातोहात पसरलेला शिवाजी अशी नावे ऑपरेटर, प्रकाशक आणि प्राध्यापक यांच्या बोलण्यात रुळली होती. आपला फाँट सुबक आणि दुसऱ्याचा बेढब, असे आग्रही मतप्रदर्शन येथे खऱ्या अर्थाने ऐकू येई. मराठी लेख मागवणारी नियतकालिके फाँटचे नाव आणि आकार नियमावलीत नमूद करत. अनेकांच्या नियमावलीत ते आजही असते.

या आग्रहाचे मूळ सौंदर्यदृष्टीत थोडे आणि तांत्रिक रचनेत अधिक होते. जुन्या फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हांना जागा असे. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, वेलांट्या आणि रफार त्यांत बसवण्यासाठी प्रत्येक कंपनीने आपापली मांडणी केली. फाइलमध्ये प्रत्यक्षात साठवले जात ते रोमन लिपीसाठी ठरलेले संकेतांकच. देवनागरी रूप केवळ फाँट पुरवत असे. त्यामुळे कृतीदेवमध्ये लिहिलेला ‘हिंदी’ हा शब्द तो फाँट नसलेल्या संगणकावर एफ, जी, ए, एन, एच अशा पाच रोमन अक्षरांची निरर्थक ओळ होऊन उघडतो. देवनागरीसाठी प्रमाण संकेतप्रणाली नव्हती असे नाही. भारतीय मानक ब्यूरोची ‘इस्की’ १९९१ पासून होती आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. बाजारातील फाँट मात्र आपल्याच वाटेने गेले.

यात कळफलकाची भर पडली. या संदर्भात विक्रोळीचा उल्लेख अपरिहार्य आहे. विक्रोळीत मोठी औद्योगिक वसाहत असलेल्या गोदरेज आणि बॉइस कंपनीने १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टंकयंत्र तयार केले. तिचे टंकयंत्र-उत्पादन २००९ मध्ये थांबले. यंत्र गेले, पण त्याच्या कळांची मांडणी राहिली. रेमिंग्टन, गोदरेज अशा टंकयंत्रांच्या नावांनीच ओळखले जाणारे आराखडे अक्षरजुळणीच्या आज्ञावल्यांत पर्याय म्हणून दिले गेले, कारण शासकीय टंकलेखन परीक्षा देऊन आलेल्या हजारो बोटांना तीच सवय होती. ब्रँडनिष्ठेचे याहून नमुनेदार उदाहरण सापडणे कठीण आहे : उत्पादन नाहीसे झाले तरी त्याचे नाव दुसऱ्याच उत्पादनाच्या यादीत टिकून राहिले.

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ मध्ये ‘इनस्क्रिप्ट’ हा प्रमाण आराखडा ठरवला. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आणि अक्षरे उच्चाराच्या क्रमाने असतात. रेमिंग्टन मांडणीत ‘डी’च्या कळीवर ‘क’ आहे. इनस्क्रिप्टमध्ये त्याच कळीवर पाय मोडण्याचे चिन्ह आहे. ऱ्हस्व वेलांटी दोन्हींत ‘एफ’च्याच कळीवर आहे, पण टंकयंत्राच्या सवयीने ती व्यंजनाच्या आधी उमटवायची आणि इनस्क्रिप्टमध्ये नंतर. वीस वर्षे एका क्रमाने चाललेल्या बोटांना हा बदल किती जाचतो, हे ज्याने तो केला त्यालाच ठाऊक. अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये इंग्रजी ‘क्वर्टी’ कळफलकाविषयी जे दाखवले, ते येथेही लागू पडते : एकदा यंत्र, प्रशिक्षण आणि मनुष्यबळ एका मांडणीभोवती जमले की तिच्याहून सोयीची मांडणी उपलब्ध असूनही मागे पडते.

निष्ठा आणि निरुपाय

अल्बर्ट हर्शमन यांनी ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ (१९७०) या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले आहेत : सोडून जाणे किंवा तक्रार मांडणे. निष्ठा ग्राहकाला सोडून जाण्यापासून काही काळ रोखते. परंतु सोडून जाण्याचा मार्ग खुला असेल, तरच त्या थांबण्याला निष्ठा म्हणण्यात अर्थ असतो. फाँटच्या बाबतीत तो मार्ग जवळजवळ बंद होता. आज्ञावली बदलायची तर जुन्या सर्व फाइली बाद होणार, ऑपरेटरला नव्याने शिकावे लागणार आणि मुद्रकाकडे तोच फाँट आहे का, हे पाहावे लागणार. अशा अनेक संचांबरोबर संगणकाला जोडायचे एक ‘हार्डवेअर लॉक’ येत असे. ते नसल्यास आज्ञावली चालत नसे. कुलूप हा शब्द येथे रूपक म्हणून वापरण्याची गरज पडत नाही. तेव्हा सर्वेक्षणात ‘आपण हाच फाँट का वापरता?’ असे विचारून मिळालेल्या उत्तरांना पसंती समजणे धोक्याचे आहे. त्या उत्तरांत पसंती किती आणि निरुपाय किती, हे वेगळे काढल्याशिवाय ब्रँडनिष्ठेचे मोजमाप पोकळ ठरते.

हा मार्ग पुढे उघडला, त्यात उपनगरांचाच मोठा वाटा होता. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र (जे २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले) आणि पवईची आयआयटी या दोन्ही संस्थांशी संबंधित असलेले सुलेखनकार व अक्षररचनाकार प्रा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा युनिकोड फाँट रचला. विंडोज २००० पासून तो प्रणालीबरोबर मिळू लागला. कोणताही संच विकत न घेता, कुलपाविना, कोणत्याही संगणकावर वाचता येईल असे मराठी लिहिणे त्यामुळे शक्य झाले. तरीही संक्रमण संथ राहिले. विंडोज एक्सपीमध्ये भारतीय लिप्यांची सोय मूळ सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे. ज्यांच्याकडे मूळ सीडीच नव्हती, त्यांची येथे अडचण झाली. मुद्रणासाठी रूढ असलेल्या पेजमेकरची अखेरची मुख्य आवृत्ती २००१ ची. त्याला युनिकोड कधीच कळले नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अंगभूत सोय २०१२ च्या आवृत्तीत आली. मंगलमधील ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाची रूपे मराठी डोळ्यांना खटकत, हाही आक्षेप रास्त होता. मराठीत रूढ असलेली या अक्षरांची रूपे ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवली.

महाविद्यालयांसमोरील प्रश्न

आज टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट, उच्चारानुसारी आणि भ्रमणध्वनीवरील विविध पद्धती शेजारी शेजारी नांदतात. संहिता युनिकोडमध्ये असल्याने कोण कोणत्या कळफलकाचा भोक्ता आहे, याने वाचणाऱ्याला फरक पडत नाही. चुरस निरुपद्रवी झाली आहे. जुन्या निष्ठेची किंमत मात्र अद्याप चुकती झालेली नाही. नव्वदच्या आणि त्यानंतरच्या दशकातील एम.फिल. व पीएच.डी. प्रबंध, चर्चासत्रांच्या स्मरणिका, नियतकालिकांचे अंक आणि विभागांनी तयार केलेल्या शब्दसूची यांतील पुष्कळसा मजकूर त्या फाँटमध्ये अडकून आहे. सीडी उघडते, फाइलही उघडते, पण समोर येतो तो रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा ढिगारा. संगणकीय शोधाच्या दृष्टीने असा मजकूर मराठी नसतोच.

रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या उपलब्ध आहेत आणि त्या बरेचसे काम करतात. त्यांच्या चुका मात्र ठरावीक ठिकाणी होतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद पुसला जातो, रफार एक अक्षर इकडेतिकडे सरकतो. साधा मजकूर म्हणून दिलेल्या फाइलीत रोमन अक्षर हे खरे रोमन आहे की मराठी अक्षराचा संकेतांक, हे आज्ञावलीला ओळखता येत नाही, म्हणून मजकुरातील इंग्रजी शब्दांचेही देवनागरीत कडबोळे होते. याचा सर्वाधिक फटका संदर्भसूचीला बसतो, म्हणजे प्रबंधाच्या नेमक्या त्या भागाला, ज्यावर पुढचा संशोधक अवलंबून असतो. म्हणून रूपांतरित प्रत छापील प्रतीशी ओळीने ताडून पाहण्याला पर्याय नाही. त्यासाठी प्रथम मूळ फाइल कोणत्या फाँटमध्ये आणि कोणत्या आवृत्तीत होती, हे कळावे लागते. ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत प्रबंधाचे शीर्षक, मार्गदर्शक, वर्ष आणि पृष्ठसंख्या असते. फाँटच्या नावासाठी रकाना नसतो. ती माहिती सध्या तरी त्या त्या डीटीपी केंद्राच्या जुन्या ऑपरेटरच्या स्मरणातच आहे आणि त्यांतील अनेक केंद्रे आता झेरॉक्स आणि आधारपत्राच्या छपाईवर चालतात.