लांबणीवर टाकलेला प्रवास

गृहस्थाच्या खतावणीत काही देणी अशी असतात, की त्यांचा तगादा फार दिवस चालत नाही. वाण्याचे बिल थकले तर त्याचा माणूस दारात येऊन उभा राहतो. शाळेची फी थकली तर चिठ्ठी येते. परंतु मुलांस कबूल केलेला प्रवास थकला, तर मुले दोन-चार वर्षे विचारतात आणि पुढे विचारीनाशी होतात. ती विचारीनाशी झाली म्हणजे देणे फिटले, असा आपण सोयीस्कर समज करून घेतो. वस्तुतः त्याच वेळी ते बुडीत खात्याच्या वाटेस लागलेले असते.

आमच्या घरी असेच घडत आले होते. थोरला नातू सहा वर्षांचा असताना त्याला वेरूळ-अजिंठा दाखविण्याचे सर्वांनी मिळून कबूल केले होते. पुढील वर्षी घराच्या कर्जाचे हप्ते सुरू झाले. त्यानंतर घरातील मंडळींचे पायाचे हाड मोडले. मग धाकट्या चिरंजीवांची बदली, मग २०२० सालची महामारी, मग थोरल्याची दहावी, आणि पाठोपाठ नातीची दहावी. प्रत्येक कारण खरे होते, एकही सबब नव्हती. पण खऱ्या कारणांची माळ ओवता ओवता अकरा वर्षे निघून गेली, आणि मुलाच्या ओठांवर मिसरूड फुटले.

गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी मी हा विषय पुन्हा काढला, तेव्हा थोरले चिरंजीव म्हणाले, “अण्णा, यंदा त्याची बारावी. भाऊबिजेच्या तिसऱ्या दिवशी क्लासची चाचणी आहे. परीक्षा होऊ द्या, मग निवांत जाऊ.”

यावर मला बोलण्यास तोंड नव्हते. कारण हा धडा त्यांना मीच दिलेला होता. चौतीस वर्षे मी शाळेत संस्कृत शिकविले. एखादे पालक चार दिवसांची रजा मागण्यास आले, की “विद्यार्थ्याला सुख कोठले?” असे मी त्यांस ऐकवीत असे. परंतु ज्या परंपरेचा मी आधार घेत होतो, तिचे अर्धेच अंग मी सांगत होतो. आपल्या स्मृतिकारांनी अध्ययनाचे नियम घातले, तसे अनध्यायाचेही घातले आहेत. अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशी या तिथींस वेदपठण बंद ठेवावयाचे. आकाशात गडगडाट झाला, घरी पाहुणा आला, तरी पोथी मिटावयाची. ज्यांच्यापाशी कंठस्थ करण्यावाचून दुसरे साधन नव्हते, त्यांनाही विसाव्याची गरज वाटली. आमच्या क्लासांच्या वेळापत्रकात मात्र अनध्याय नाही.

घरातील मंडळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, “बारावी झाली म्हणजे तो शिकायला बाहेर जाईल. मग कोणाला घेऊन जाल?”

हा प्रश्न मी त्या रात्री गणितासारखा सोडवून पाहिला. मुलाच्या वयाच्या बाराव्यापासून अठराव्यापर्यंत दिवाळ्या सहा. त्यांतून दहावीची आणि बारावीची वजा केली तर राहिल्या चार. एक कोणाच्या तरी आजारपणात जाणार, एक लग्नकार्यात. बाकी दोन. ज्या वयात मुलाला पाहिलेले समजते, आणि अजून ते आपल्याबरोबर येऊ शकते, त्या वयातील एवढीच शिल्लक आपल्या हाती असते. दुसऱ्या दिवशी मी हे उत्तर चिरंजीवांपुढे ठेवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “ठीक आहे. पाच दिवस.”

आता खरी अडचण पुढे आली. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो नातूच म्हणाला, “तुम्ही सगळे जा. मी घरी थांबतो.” मला वाईट वाटले, रागही आला. सूनबाईंनी मात्र मर्म ओळखले. त्या म्हणाल्या, “अण्णा, आपण त्याला नेतो आहोत, म्हणून तो येत नाही. त्याला आपल्याला नेऊ द्या.” पुत्र सोळा वर्षांचा झाला म्हणजे त्याच्याशी मित्राप्रमाणे वागावे, ही शिकवण मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतली होती. घरात ती वापरण्याचा प्रसंग आला, तेव्हा आठवण सूनबाईंस झाली.

त्याप्रमाणे प्रवासाचा बेत थोरल्या नातवाकडे सोपविला. मी आधीच एक टिपण तयार केले होते: शनिवारी प्रस्थान, रविवारी देवगिरी, सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ. त्याने ते वाचले आणि शांतपणे म्हणाला, “आजोबा, अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. या बेताने आपण दोन्हीकडचे बंद फाटक पाहून परत येऊ.” सर्व मंडळी खळखळून हसली, आणि त्या हसण्याबरोबर त्याचे ‘मी घरी थांबतो’ हे पालुपदही नाहीसे झाले. रविवारी वेरूळ, सोमवारी देवगिरी, मंगळवारी अजिंठा असा क्रम त्याने लावला.

पंधरा वर्षांच्या नातीकडे खर्चाची थैली आणि हिशेबाची वही दिली. रोजचा आकडा ठरवून दिला, आणि जे वाचेल ते तिचे, असा करार केला. तेव्हापासून आम्हा नऊ माणसांचा दुसरा चहा बंद झाला. बारा वर्षांच्या धाकट्याकडे सामानाची मोजदाद आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. मोबाइलच्या बाबतीत बंदीचा हुकूम काढला नाही. जेवताना आणि लेण्यांत तो कोणीही हाती घ्यावयाचा नाही, असा नियम मुलांनीच केला व तो वडीलधाऱ्यांसही लागू केला. तो पहिल्याने मोडला थोरल्या चिरंजीवांनी, कचेरीच्या निरोपासाठी. दंड म्हणून त्यांना सर्वांस उसाचा रस पाजावा लागला.

निघण्याच्या वेळेवरूनही खटका उडाला. मी साडेचारला उठणारा. मुलांची पहाट आठला होते. मी सहा म्हणालो, मुले नऊ म्हणाली, आणि साडेसातला गाडी हलली. शिरूर, अहिल्यानगर या मार्गाने दुपार टळता टळता आम्ही छत्रपती संभाजीनगरास पोहोचलो. हे गाव मध्ये धरून राहिले असता वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर पडते आणि वाटेतच देवगिरी लागते. अजिंठा मात्र दुसऱ्या दिशेस शंभर किलोमीटर आहे. एकाच मुक्कामी सामान ठेवून तीन दिवस फिरता येते, ही वृद्धांच्या दृष्टीने मोठी सोय होय.

वेरूळास चौतीस लेणी आहेत. पहिली बारा बौद्धांची, पुढील सतरा ब्राह्मणी धर्माची आणि शेवटची पाच जैनांची. एका दिवसात सर्व पाहण्याचा हव्यास धरू नये. मुलांच्या डोळ्यांस तर अजीर्ण होते. आम्ही बौद्धांचे दहावे, सोळावे कैलास आणि बत्तिसावी इंद्रसभा एवढीच निवडली. दहाव्यातील छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. म्हणून लोक त्यास सुताराचे झोपडे म्हणतात.

कैलास मात्र आम्ही आधी वरून पाहिले. लेण्याच्या बाजूने डोंगरावर जाणारी पायवाट आहे. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी, आठव्या शतकात, हे काम मुख्यतः झाले. पाया खणून वर बांधीत जावे, ही सर्व देवळांची रीत. येथे कळसापासून आरंभ करून कारागीर खाली उतरत गेले. दीड ते दोन लाख टन दगड छिन्नीने काढून टाकला असावा, असा अंदाज आहे. धाकट्याने लगेच दहा टनांच्या ट्रकचा हिशेब मांडून वीस हजार खेपांचे उत्तर काढले. थोरला मात्र कड्यावर गप्प उभा होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, “आजोबा, मध्येच चूक झाली असती तर? काढलेला दगड परत लावता येत नाही.”

मी त्याला एका ताम्रपटाची गोष्ट सांगितली. राष्ट्रकूटांच्या गुजराथेतील शाखेचा राजा कर्क याचा शके ७३४ चा, म्हणजे इ. स. ८१२-१३ चा, संस्कृत ताम्रपट बडोद्यास मिळाला. त्यात या देवालयाचे वर्णन आहे. त्याचा भावार्थ असा, की काम पुरे झाल्यावर ते घडविणारा शिल्पीच थक्क झाला, आणि हे आपल्या हातून कसे झाले, पुन्हा होईल की नाही, असे त्यास वाटले.

नातू म्हणाला, “म्हणजे त्यालाही खात्री नव्हती तर.”

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. त्याच्या वडिलांस तो कळला असावा. कारण ते त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले.

लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचे देवालय आहे. सध्याचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधविले. येथे गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी अंगातील वस्त्र काढून ठेवावे लागते. सतरा वर्षांचा मुलगा म्हणजे लाजेचे आगर! तो परत फिरू लागला. तेव्हा त्याच्या वडिलांनी आपल्या सुटलेल्या पोटावर हात फिरवीत म्हटले, “चल. माझ्याकडे पाहिल्यावर तुझ्याकडे कोण बघणार आहे?” तिन्ही पिढ्या उघड्या अंगाने रांगेत उभ्या राहिलो. घरात ज्यांच्यात महिनोन्‌महिने गुणांवाचून दुसरे भाषण झाले नव्हते, ते बाप-लेक तेथे एकमेकांची थट्टा करीत होते.

सोमवारी देवगिरीस मी आणि घरातील मंडळी पायथ्याशीच थांबलो. यादवांची ही राजधानी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्ली सोडून आपले ठाणे येथे हलविले. कातीव कडा, खंदक, आणि शत्रूस चकविण्यासाठी खडकातून नेलेली काळोखी वाट, तिला अंधारी म्हणतात. मुले ओरडत पुढे गेली. थोरला आणि त्याचे वडील मागे रेंगाळत चढत होते. वरून उतरावयास त्यांना इतरांपेक्षा तासभर अधिक लागला.

वर काय बोलणे झाले, ते चिरंजीवांनी मला रात्री सांगितले. दोन महिन्यांपासून क्लासमधील रसायनशास्त्र मुलास समजेनासे झाले होते. दोन वर्षांची फी आधीच भरलेली. घरात सर्वांच्या तोंडी त्याची बारावी. त्यामुळे हे सांगण्याचा धीर त्याला होत नव्हता. “घरी त्याने सांगितले असते तर मी रागावलो असतो,” चिरंजीव म्हणाले. “पण वर दोघांनाही धाप लागली होती.”

मंगळवारी पहाटेच निघून अजिंठा गाठला. फर्दापूरजवळ आपली गाडी ठेवून पुढे सरकारी बसने जावे लागते. पायऱ्या पुष्कळ आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस डोली मिळते. आमच्या घरातील मंडळी डोलीत बसली आणि धाकटा भालदारासारखा पुढे चालला. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेच्या आकारात ही लेणी आहेत. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, तर बहुतेक पाचव्या शतकातील, वाकाटकांच्या काळची. १८१९ साली शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यास ती दिसली, आणि त्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरून ठेवले. “मग त्याला कोणी रागावले नाही?” हा धाकट्याचा प्रश्न मला रास्त वाटला.

पहिल्या लेण्यात उजेड मंद असतो. पद्मपाणीच्या चित्रापुढे आम्ही उभे होतो. मुले पुढे गेली, थोरले चिरंजीव मात्र हलले नाहीत. ते हळूच म्हणाले, “अण्णा, मी चौथीत असताना तुम्ही मला या चित्रांचे एक पुस्तक आणून दिले होते. सुटीत दाखवायला नेतो म्हणाला होता.”

मला त्यातले काहीही आठवत नव्हते. चिरंजीव आता त्रेचाळीस वर्षांचे आहेत. त्या सुटीत मी शिष्यवृत्तीच्या मुलांचे जादा वर्ग घेतले असतील. त्यापुढील सुटीतही घेतले असतील. चौतीस वर्षे मी तेच केले. ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. परंतु नातवाचे देणे फेडावयास निघालेल्या मला आपल्या नावावरील जुनी बाकी तेथे प्रथम दिसली. मी इतकेच म्हटले, “उशीर झाला.” ते म्हणाले, “आलो ना!”

बुधवारी आम्ही परत फिरलो. नातीने वाचविलेल्या पैशांतून हिमरूची ओढणी घेतली आणि हिशेबाची वही माझ्या हवाली केली. तीत सात रुपयांचा मेळ लागत नाही, अशी प्रामाणिक नोंद आहे. थोरल्या नातवाची ती चाचणी बुडाली ती बुडालीच. रसायनशास्त्र मात्र तो माझ्या एका निवृत्त स्नेह्यांकडे जाऊन पुन्हा पहिल्या धड्यापासून शिकला. बारावीस त्याला मिळाले ते गुण आमच्या अपेक्षेपेक्षा थोडे कमी होते, आणि घरात त्यावरून कोणी अबोला धरला नाही. आज तो परगावी वसतिगृहात राहून शिकतो. येत्या दिवाळीस त्यास चारच दिवस सुटी आहे, आणि त्यांतील दोन येण्याजाण्यात जाणार आहेत.

ज्यांच्या घरी बारा ते अठरा वयाची मुले आहेत, त्या वाचकांस माझी एवढीच विनंती, की हा अंक खाली ठेवताच भिंतीवरचे कालनिर्णय काढून घरातल्या सर्वांसमक्ष एक तारीख ठरवावी. स्थळ मुलांस ठरवू द्यावे. जवळचे निघाले तरी चालेल. चार दिवस न साधले तर दोन दिवस चालतील. गैरसोयीची यादी प्रत्येक घरी तयार असतेच, ती आमच्याही घरी अकरा वर्षे होती. आणि आपल्या मुलांस, मग ती आज चाळिशीची का असेनात, लहानपणी आपण काय कबूल केले होते, हे एकदा विचारून पाहावे. त्यांना ते आठवत असते.