जेरुसलेमची वहिवाट

भूमी अभिलेख खात्यात मी चौतीस वर्षं भूकरमापक होतो, बहुतेक नोकरी रायगड जिल्ह्यात. बांधावरून फुटलेली डोकी पाहिली. हातभर पडीक जमिनीसाठी सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं कोर्टात जाताना पाहिले. त्यामुळे २०१९ च्या जानेवारीत जेरुसलेमला गेलो, तेव्हा माझी नजर घुमटांच्या आधी भिंती, कोपरे आणि उंबरठे यांच्यावर गेली.

तटाच्या आतलं जुनं शहर एक चौरस किलोमीटरही भरत नाही. आमच्याकडच्या कितीतरी गावांचं शिवार याहून मोठं असतं. ऑटोमन सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ या काळात बांधलेल्या या तटाच्या आत ज्यूंच्या दोन्ही प्राचीन मंदिरांची जागा आहे. येशूला क्रुसावर चढवलं आणि पुरलं असं ख्रिस्ती लोक मानतात ती जागा आहे. आणि प्रेषित मुहम्मद मिराजच्या रात्री जिथून स्वर्गात गेले असं मुसलमान मानतात, तो खडकही इथेच आहे. यातली पहिली आणि तिसरी जागा तर एकच, सुमारे ३५ एकरांचा एक चौथरा. ज्यू त्याला मंदिराचा डोंगर म्हणतात, मुसलमान हरम अल-शरीफ.

सातबाऱ्यावर फेरफार पडत जावेत तसे इथले धनी बदलत गेले. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने ज्यूंचं दुसरं मंदिर पाडलं. ३३५ मध्ये येशूच्या कबरीवरचं चर्च उभं राहिलं. सातव्या शतकात खलिफा उमरकडे शहर आलं आणि त्याच शतकाच्या शेवटी खडकावर सोनेरी घुमटाची वास्तू झाली. १०९९ मध्ये युरोपातून आलेल्या क्रुसेडरांनी शहर जिंकलं आणि आतल्या मुसलमानांची नि ज्यूंची कत्तल केली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने ते परत घेतलं. १५१७ पासून चारशे वर्षं ऑटोमन तुर्क, आणि डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश. त्या वेळी जनरल अॅलनबीने खडकावरच्या घुमटाभोवती हिंदुस्थानी मुसलमान शिपायांचा पहारा बसवला होता.

पण मालक कोण, एवढ्यावर जमिनीचं भांडण कळत नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो आणि खरी आग बहुतेकदा तिथे असते. वाट कुणाची, पाणी कुणाचं, झाडाची फळं कुणाची. आपण त्याला वहिवाट म्हणतो. जेरुसलेम मला समजलं ते या शब्दामुळे.

येशूच्या कबरीच्या चर्चमध्ये सहा पंथांचे हक्क आहेत: ग्रीक, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन. १८५२ च्या ऑटोमन फर्मानाने ठरवलं की ज्याची जी वहिवाट आहे ती तशीच राहील. कोणता दिवा कुणी लावायचा, कोणती पायरी कुणी झाडायची, सगळं त्यात बांधलं गेलं. ब्रिटिश अधिकारी लायोनेल कस्ट यांनी १९२९ मध्ये या हक्कांची तपशीलवार नोंद करून ठेवली. माझ्या पेशातल्या माणसाने हात जोडावेत असं ते काम आहे.

दर्शनी भिंतीवर खिडकीखाली एक छोटी लाकडी शिडी आहे. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती दिसते. ती हलवायची तर सगळ्यांची संमती हवी, म्हणून ती तिथेच आहे. १९०१ मध्ये अंगणातली एक पायरी झाडण्यावरून ग्रीक आणि कॅथलिक साधूंची मारामारी झाली. २००२ मध्ये छपरावर बसणाऱ्या एका कॉप्टिक साधूने उन्हातून सावलीत खुर्ची सरकवली, इथिओपियन साधूंनी ते अतिक्रमण मानलं आणि अकरा जण रुग्णालयात गेले.

आमच्या गटातले लोक हे ऐकून हसले. मला हसू आलं नाही. जो झाडतो त्याचा ताबा, हे मी शेकडो पंचनाम्यांत लिहिलेलं आहे. आज सरकलेली खुर्ची उद्या पुराव्यात येते. बेथलेहेमच्या चर्चमधला चांदीचा तारा १८४७ मध्ये नाहीसा झाला. असल्याच हक्कांच्या वादात फ्रान्स आणि रशिया उतरले, आणि १८५३ साली सुरू झालेल्या क्रिमियन युद्धाच्या कारणांत हा वाद मोजला जातो.

ज्यूंच्या पश्चिम भिंतीचंही तसंच. ती त्या चौथऱ्याची आधारभिंत. तिच्यासमोर तेव्हा चार मीटरही रुंद नसलेली गल्ली होती. जागा मुसलमानांच्या वक्फची आणि प्रार्थनेची वहिवाट ज्यूंची. १९२८ मध्ये योम किप्पुर या आपल्या पवित्र दिवशी ज्यूंनी तिथे स्त्री-पुरुषांमध्ये एक पडदा उभा केला. आज पडदा, उद्या भिंत, परवा देऊळ, अशी भीती मुसलमानांत पसरली. वर्षभर ती धुमसली आणि ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत देशभर १३३ ज्यू आणि ११६ अरब मारले गेले. नंतर नेमलेल्या आयोगाने निवाडा दिला की मालकी मुसलमानांची आणि येण्याजाण्याचा हक्क ज्यूंचा. माझ्या मते निवाडा योग्य होता, पण तोवर रक्त सांडलेलं होतं.

पुढची गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. नोव्हेंबर १९४८, ब्रिटिश निघून गेल्यानंतरच्या युद्धाचे दिवस. मुसरारा भागातल्या एका ओसाड घरात इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनचे अब्दुल्ला अल-तेल यांनी नकाशा जमिनीवर पसरला आणि जाड मेणी पेन्सिलींनी आपापल्या आघाडीच्या रेषा ओढल्या. नकाशा १:२०,००० चा. त्यावरची तीन मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर ६० मीटर होते. त्या ६० मीटरांत लोकांची घरं होती. ती कुणाच्या हद्दीत, यावर पुढे वर्षानुवर्षं तंटे झाले. पेन्सिल बोथट दिसली तरी आमचे साहेब नकाशा परत करत. इथे तर अख्खं शहर फाडायचं होतं.

त्या युद्धात जुनं शहर जॉर्डनकडे गेलं आणि तिथल्या ज्यूंना घरं सोडावी लागली. भिंतीपाशी जाण्याची हमी १९४९ च्या करारात होती, पण प्रत्यक्षात वाट मिळाली नाही. १९६७ च्या जूनमध्ये इस्रायलने हा भाग जिंकला आणि काही दिवसांत भिंतीसमोरची मुघराबी वस्ती पाडून पटांगण केलं. सलाहुद्दीनच्या मुलाने वक्फ केलेली, जवळजवळ पावणेआठशे वर्षांची वस्ती. शंभराहून जास्त घरं. रहिवाशांना बाहेर पडायला काही तास मिळाले.

त्या पटांगणात माझ्यासोबत रामल्याहून आलेल्या एक मावशी होत्या. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, माहेर पेणचं, साठच्या दशकात इकडे आलेल्या. आमच्या गावच्या ओळखीतून भेटलेल्या. त्यांनी भिंतीच्या फटीत चिठ्ठी सरकवली, मराठीत लिहिलेली. म्हणाल्या, “भाऊ, तेव्हा इथे येता येत नव्हतं. सियोन टेकडीवर चढून लांबून बघायचो.” आपण उभे आहोत तिथे लोकांची घरं होती, हे मी त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माहीत आहे मला. पेणचं घर आम्ही राजीखुशीनं विकलं, तरी आठवडाभर माझ्या घशाखाली घास उतरला नाही.”

चौथऱ्यावरचा कारभार १९६७ नंतरही मुस्लिम वक्फकडेच ठेवला गेला. इतरांनी ठरल्या वेळी पाहायला यावं, प्रार्थना करू नये, ही नवी वहिवाट झाली. तिला धक्का लागला की शहर पेटतं. सप्टेंबर २००० मध्ये इस्रायलचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते एरियल शेरॉन चौथऱ्यावर गेले आणि त्यानंतर दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, भडकला. जुलै २०१७ मध्ये तिथे दोन पोलिसांना गोळ्या घातल्यावर दारांवर धातुशोधक चौकटी बसवल्या. मुसलमानांनी त्यातून जायचं नाकारलं आणि रस्त्यावर नमाज पढला. दोन आठवड्यांच्या आत चौकटी निघाल्या. ज्या सरकारला या जागेवर काहीही बदलायचं असेल, त्याने आधी तिथल्या प्रत्येक वहिवाटदाराला विचारावं, असं मी माझ्या आयुष्यभराच्या कामावरून सांगतो.

शेवटच्या संध्याकाळी येशूच्या कबरीच्या चर्चचं दार बंद होताना पाहिलं. किल्ली जूदेह या मुसलमान घराण्याकडे असते, दार लावण्या-उघडण्याचा मान नुसैबेह या दुसऱ्या मुसलमान घराण्याचा. दार लावायला आलेला माणूस शिडीवर चढला, वरचं कुलूप लावलं, खाली उतरला आणि दारातल्या झरोक्यातून शिडी आतल्या साधूंच्या हाती दिली. पहाटे दार उघडायच्या वेळी आतले साधू तीच शिडी त्याच झरोक्यातून बाहेर देतात.