दिसूनही न दिसणारा खुनी

इटालियन भाषेत ‘जाल्लो’ म्हणजे पिवळा. मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठांत काढल्या आणि पुढे खुनाच्या रहस्यपटांनाही तेच नाव चिकटले.

काळे हातमोजे, चकाकता सुरा आणि पार्श्वभूमीला मोरिकोनेचे मधुर संगीत! दारिओ अर्जेंतोच्या पहिल्याच चित्रपटात, ‘द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज’मध्ये (१९७०), काचेच्या दोन दारांमध्ये अडकलेला लेखक समोरचा हल्ला पाहतो, पण काय पाहिले, तेच त्याला उमगत नाही. ‘डीप रेड’मध्ये (१९७५) तर खुन्याचा चेहरा सुरुवातीलाच आरशात क्षणभर दिसून जातो. आपण मात्र फसतो! रहस्य उलगडल्यावर तो प्रसंग पुन्हा लावून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

रक्तपात भडक, त्यात बळी बहुधा बायकाच, हे खटकतेच. मुले झोपल्यावरच पाहावेत.