रमाकांत आचरेकर

रमाकांत विठ्ठल आचरेकर (१९३२ – २ जानेवारी २०१९) हे भारतीय क्रिकेट प्रशिक्षक होते. मुंबईतील दादर भागात असलेल्या शिवाजी पार्क मैदानावर त्यांनी अनेक दशके शालेय व तरुण खेळाडूंना प्रशिक्षण दिले. सचिन तेंडुलकर यांचे गुरू म्हणून ते सर्वाधिक परिचित असले, तरी भारताकडून कसोटी अथवा एकदिवसीय सामने खेळलेले त्यांचे अनेक शिष्य आहेत. स्वतः खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर केवळ एक प्रथम श्रेणी सामना आहे. क्रिकेटमधील योगदानाबद्दल त्यांना १९९० साली द्रोणाचार्य पुरस्काराने आणि २०१० साली पद्मश्रीने गौरविण्यात आले.

प्रारंभिक जीवन व खेळाडू म्हणून कारकीर्द

आचरेकर यांचा जन्म सध्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण येथे झाला.  १९४३ साली आचरेकर क्रिकेट खेळू लागले आणि १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून मैदानात उतरले. पुढे ते यंग महाराष्ट्र इलेव्हन, गुलमोहर मिल्स व मुंबई पोर्ट या संघांकडून खेळले. त्या काळी गिरण्या, बँका, रेल्वे आणि बंदर यांसारख्या आस्थापना आपापले संघ बाळगत. खेळाडूला नोकरी आणि सामने एकाच ठिकाणी मिळत असल्याने मध्यमवर्गीय मुलाला क्रिकेट सुरू ठेवण्याचा हा प्रमुख मार्ग होता.

आचरेकर यांनाही भारतीय स्टेट बँकेत नोकरी मिळाली. १९६३-६४ च्या हंगामात मोईन-उद-दौला सुवर्णचषक स्पर्धेत स्टेट बँकेच्या संघाकडून ते हैदराबाद क्रिकेट संघटनेच्या संघाविरुद्ध खेळले. हाच त्यांचा एकमेव प्रथम श्रेणी सामना होय. मुंबईच्या रणजी संघातून खेळण्याची संधी त्यांना मिळाली नाही. मात्र पुढे काही वर्षे त्यांनी मुंबई संघाच्या निवड समितीवर काम केले.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

आचरेकर यांनी शिवाजी पार्कवर कामत मेमोरियल क्रिकेट क्लबची स्थापना केली. त्याचबरोबर ते दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिर या शाळेच्या संघांना मार्गदर्शन करीत. १४ वर्षांखालील मुलांची गाइल्स ढाल आणि १६ वर्षांखालील मुलांची हॅरिस ढाल या मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धांत शारदाश्रमचा दबदबा निर्माण झाला, तो त्यांच्याच काळात. गुणी मुलाला चांगल्या शालेय संघातून खेळता यावे, यासाठी ते पालकांना शाळा बदलण्याचाही सल्ला देत.

१९८४ साली अजित तेंडुलकर आपल्या ११ वर्षांच्या धाकट्या भावाला त्यांच्या शिबिरात घेऊन आले. सचिन तेंडुलकर यांच्या २०१४ साली प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रातील माहितीनुसार, सरांच्या नजरेसमोर खेळताना त्यांच्यावर दडपण आले आणि पहिली चाचणी समाधानकारक झाली नाही. तेव्हा अजित यांनी आचरेकरांना दूर जाऊन, मुलाला कळणार नाही अशा रीतीने त्याचा खेळ पाहण्याची विनंती केली. त्यानंतर सचिन यांना शिबिरात प्रवेश मिळाला. प्रवेशशुल्क ६५ रुपये आणि मासिक शुल्क १० रुपये होते. पुढे आचरेकरांच्याच सूचनेवरून सचिन यांनी वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये नाव घातले आणि प्रवासात वेळ जाऊ नये म्हणून ते शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागले.

प्रशिक्षणपद्धती

आचरेकर यांच्या पद्धतीचा गाभा प्रत्यक्ष सामना हा होता. नेटमध्ये बाद झालेला फलंदाज पुन्हा उभा राहतो; सामन्यात बाद झालेल्याला तंबूत परतावे लागते. चुकीची ही किंमत मुलाला लवकर कळावी, म्हणून ते अधिकाधिक सराव सामने आयोजित करीत. उन्हाळी सुट्टीतील दिनक्रम सकाळी नेट, दिवसा सामना आणि सायंकाळी पुन्हा नेट असा असे. एका सुट्टीच्या ६० दिवसांत आपण ५५ सराव सामने खेळलो, असे तेंडुलकर यांनी नमूद केले आहे. एका मैदानावरील डाव संपला की आचरेकर त्यांना स्कूटरवर बसवून दुसऱ्या मैदानावर नेत आणि तेथील सामन्यात फलंदाजीस उतरवीत. त्यामुळे खेळपट्टी, गोलंदाज आणि सामन्याची स्थिती दर वेळी वेगळी असे.

दिवसाच्या अखेरीस ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाजाला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते नाणे मिळे. फलंदाज अखेरपर्यंत नाबाद राहिला तर ते त्याचे होई. या वेळी शिबिरातील सर्व मुले क्षेत्ररक्षणाला उभी असत, त्यामुळे हवेत उडालेला चेंडू सुटण्याची शक्यता कमीच. दमलेल्या शरीराने एकाग्रता टिकविण्याचा हा सराव होता. अशी १३ नाणी तेंडुलकर यांनी जपून ठेवली आहेत. त्यानंतर पॅड बांधलेल्या स्थितीतच मैदानाला फेऱ्या मारून दिवसाचा शेवट होई.

तंत्राबाबत ते फारसे आग्रही नव्हते. तेंडुलकर बॅट बरीच खाली धरत. ती पकड बदलून पाहण्यास त्यांनी सांगितले. परंतु नव्या पकडीने फलंदाजी अवघडल्यासारखी होते, असे दिसताच मूळची पकड कायम ठेवू दिली.

शिस्तीच्या बाबतीत मात्र ते कठोर होते. आपल्यासाठी ठरवलेला सामना चुकवून वरिष्ठ संघाचा अंतिम सामना पाहण्यासाठी वानखेडे स्टेडियमवर गेल्याबद्दल त्यांनी तेंडुलकर यांना थप्पड मारली होती. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवाव्यात असे खेळावे, असा त्यांचा सांगण्याचा आशय होता. शिष्याचे तोंडावर कौतुक करणेही ते टाळत. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी निवृत्तीच्या भाषणात तेंडुलकर यांनी याचा उल्लेख केला. मी समाधानी होऊन बसेन म्हणून सरांनी २९ वर्षांत कधी ‘चांगला खेळलास’ असे म्हटले नाही; आता यापुढे सामनेच नसल्याने तसे म्हणायला हरकत नाही, असे ते म्हणाले.

६६४ धावांची भागीदारी

फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्स हायस्कूलशी पडली. मुंबईच्या आझाद मैदानावरील या सामन्यात २ बाद ८४ अशी धावसंख्या असताना विनोद कांबळी व सचिन तेंडुलकर एकत्र आले. त्यांनी तिसऱ्या गड्यासाठी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी ३४९, तर तेंडुलकर ३२६ धावांवर नाबाद राहिले. त्या वेळी तेंडुलकर १४ आणि कांबळी १६ वर्षांचे होते. डाव घोषित करण्याची सूचना मैदानाबाहेरून मिळत असूनही दोघे खेळत राहिले. अखेर आचरेकरांच्या आदेशावरून २ बाद ७४८ धावांवर डाव घोषित करण्यात आला. सेंट झेवियर्सचा संघ १४५ धावांत बाद झाला आणि कांबळी यांनी ६ बळी घेतले. हा विक्रम नोव्हेंबर २००६ पर्यंत अबाधित होता.

या सामन्यात पुढचे फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेले अमोल मुझुमदार यांना खेळण्याची संधी मिळालीच नाही.

शिष्य

१९८३ च्या विश्वचषक विजेत्या संघातील बलविंदरसिंग संधू, यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित, सलामीवीर लालचंद राजपूत, पदार्पणाच्या कसोटीत शतक झळकावणारे प्रवीण आमरे, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके करणारे विनोद कांबळी, तसेच समीर दिघे, अजित आगरकर व रमेश पोवार हे आचरेकर यांचे शिष्य भारताकडून खेळले.

त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे प्रशिक्षणाचे क्षेत्र निवडले. पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई, विदर्भ (२०१७-१८ व २०१८-१९) आणि मध्य प्रदेश (२०२१-२२) या संघांनी रणजी करंडक जिंकला. विदर्भ व मध्य प्रदेश यांचे ते पहिलेच विजेतेपद होते. प्रथम श्रेणी पदार्पणात २६० धावा करूनही भारतीय संघात स्थान न मिळालेले मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांच्या कार्यकाळात या संघाने नोव्हेंबर २०२५ मध्ये एकदिवसीय विश्वचषक जिंकला.

पुरस्कार

- द्रोणाचार्य पुरस्कार (१९९०)
- पद्मश्री (२०१०), तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते

निधन व स्मारक

उत्तरायुष्यात आचरेकर यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या. २ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी निघालेल्या अंत्ययात्रेत तेंडुलकर यांनी त्यांच्या पार्थिवाला खांदा दिला. पद्म पुरस्काराचे मानकरी असूनही त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार न झाल्याने टीका झाली. राज्य सरकारच्या वतीने याबद्दल खेद व्यक्त करण्यात आला.

३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्क येथे त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. या वेळी तेंडुलकर व कांबळी यांच्यासह त्यांचे अनेक शिष्य उपस्थित होते.